तळ्यात उभ्या केलेल्या बाजा

परभणी जिल्हा बघायला म्हणून सहसा कोणी जात नाही. तिथं एकतर बदली होते, नाहीतर सासर असतं. माझं सासर आहे. त्यामुळे परत आल्यावर पुण्याच्या छापखान्यातल्या मंडळींनी "काय काय पाहिलंस?" असं विचारलं, तेव्हा त्यांना एखादं लेणं किंवा निदान एखादं जुनं देऊळ अपेक्षित होतं. मी सांगितलं, "तळ्यात उभ्या केलेल्या बाजा पाहिल्या. अख्ख्या गावाच्या." आमचे हेड कंपोझिटर म्हणाले, "ऊन लागलेलं दिसतंय." तेव्हा आता सगळं नीट सविस्तर लिहिणं भाग आहे.

आधी थोडं माझ्याविषयी. मी मुद्रितशोधक. चुका पकडणं हा माझा धंदा, आणि चुका सोडून जन्मात मी दुसरं काही पकडलेलं नाही. मूळचा मी राजापूरकडचा, पण डोंगरातला. आमच्या घरातून समुद्र दिसत नाही. मासे तेवढे टोपलीत बसून दारात येतात, आम्ही ते घेतो, आई त्यांचं कालवण करते. माझा आणि माशांचा संबंध एवढाच, आणि तो मला पुरेसा वाटतो.

ते वर्ष धोंड्याचं होतं. अधिक महिना आला की जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि काहीतरी जाळीदार वाण द्यायचं, ही रीत आपल्याकडे सगळीकडेच आहे. माझी बायको सुमन आठवडाभर आधीच माहेरी गेली होती. मागाहून मी निघालो. मनमाडला मोठ्या गाडीतून छोट्या गाडीत बसलो. त्या गाडीला कुठंच जायची घाई नव्हती, आणि मलाही नव्हती.

सेलू

सेलूच्या फलाटावर माझे सासरे, दत्तरावमामा, उभे होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ. माणूस पक्का माळकरी. त्यांच्या शेजारी एक उंच, काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस होता. त्यानं माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि मामांना विचारलं, "हेच का कोकनातले?"

"हेच," मामा म्हणाले. मला एकदम आपण बाजारातला बैल असल्यासारखं वाटलं.

हा लिंबाजी. गावातल्या भोई मंडळींनी मच्छीमारांची सोसायटी काढली होती, तिचा तो चेअरमन. माळकऱ्याच्या सोबतीला मच्छीमार कसा, हे कोडं मला चहा पिताना काही सुटलं नाही. सेलूचा बाजार त्या दिवसांत सुस्त होता. कापूस अजून शेतात होता आणि जिनिंगच्या भिंतींच्या कोपऱ्यांत गेल्या साली उडालेला कापूस म्हाताऱ्याच्या मिशीसारखा अडकून बसला होता. तिथून एसटीनं बोरी, आणि बोरीहून बैलगाडी.

गाडीत मामांनी विषय काढला. "जावईबापू, तुमच्याकडं मासे अडवून ठिवायला काय करतेत?"

"आमच्याकडं ताटात अडवतात," मी म्हणालो.

मामांनी नाकाला उपरणं लावलं. लिंबाजी मात्र मांडीवर थाप मारून हसला. "मानूस जाणकार हाय, दत्तराव."

मी परोपरीनं सांगितलं की मी डोंगरातला आहे, मला मासे फक्त खाता येतात, छापखान्यात माशांचं काम निघत नाही. लिंबाजी मान डोलवत ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "जाणकार मानूस असंच बोलतंय."

मग दोघांनी मिळून हकीकत सांगितली. गावच्या वरच्या अंगाला पाटबंधाऱ्याचं तळं आहे. त्यातले मासे धरायचा हक्क लिंबाजीच्या सोसायटीचा. गेल्या साली त्यांनी तळ्यात माशांची पिल्लं सोडली. बोटाएवढी असतात म्हणून त्यांना बोटुकली म्हणतात. पुढं पिकाला पाणी द्यायला गेट उघडलं आणि बोटुकल्या पाण्याबरोबर कालव्यात गेल्या. कालव्यातून चाऱ्यांत, म्हणजे लहान पाटांत, आणि चाऱ्यांतून शेतांत. तळ्यात धरायला म्हणावं असं काही उरलं नाही, आणि सोसायटीची निम्मी माणसं सेलूला गाठोडी उचलायला गेली.

"औंदा बी तसंच झालं तर सोसायटीला कुलूप," लिंबाजी म्हणाला. आता तो हसत नव्हता. "पिल्लं सोडून झालेत. पावसानं दडी मारली, म्हून सोमवारी गेट उघडायलेत. पिकाला पानी तर पायजेच की. त्याला न्हाई म्हनता येत न्हाई."

मामांची तक्रार कालव्याच्या दुसऱ्या टोकाची. त्यांचं शेत अगदी टेलला, म्हणजे कालवा जिथं संपतो तिथं. वाटेत न मेलेली प्रत्येक बोटुकली त्यांच्या कापसात येऊन मेली होती. पाणी आलं की मासे येतात हे कळल्यावर आजूबाजूचं सगळं गाव डालगी-टोपल्या घेऊन त्यांच्या शेतात उतरलं. "कापूस कमी अन् चपला जास्त निघाल्या," मामा म्हणाले. "मी माळकरी मानूस, अन् माझ्या वावरात मच्छी बाजार. आठ दिवस त्या वासानं भाकर गिळंना."

म्हणजे एकाला मासे तळ्यात जगायला हवे होते आणि दुसऱ्याला ते आपल्या शेतात मरायला नको होते. गावात दोन माणसांचं कशावर तरी एकमत झालं होतं, आणि ते माझ्यावर झालं होतं.

पहिला धोंडा

घरी पोचल्याबरोबर जेवण. पुण्यात माझ्याशी अगदी पुणेरी बोलणारी सुमन माहेरच्या आठवड्याभरात पार बदलली होती. "लवकर हातपाय धुवा, माय धोंडे करायलीय," ती म्हणाली. मामींनी येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीची भाकरी आणि तुपात बुडवलेले धोंडे वाढले. कोकणात जावयाला आग्रह करतात तो तोंडानं. मराठवाड्यात हातानं करतात. नको म्हणायला हात आडवा धरला तर मनगटावर तूप ओततात. मी तसाच चिकट हातानं जेवलो.

जेवणानंतर वाण. आमच्याकडे अनारसे किंवा बत्तासे देतात, कारण त्यांना जाळी असते. मामांनी यंदा विचार करून खरोखर उपयोगाचं जाळीदार वाण आणलं होतं: कोरी करकरीत पांढरी मच्छरदाणी. मला ती फार आवडली. त्या रात्री मी तिच्यात झोपलो आणि बाहेरचे डास माझ्याकडे पाहत राहिले.

सकाळी तळ्याच्या बांधावर निम्मं गाव जमलं होतं. काळ्या रानाला भेगा पडलेल्या, ज्वारीची पानं दुपारच्या आधीच सुरळ्या झालेली, आणि मधे हे हिरवंगार तळं. लिंबाजीनं घागरीत बोटुकल्या आणून दाखवल्या. चांदीच्या चिमट्यासारख्या चकाकत होत्या. मग तो मला गेटापाशी घेऊन गेला. गेटाच्या तोंडाला सरकारी लोखंडी गज होते, पण ते ओंडके अडवायला. त्यांच्यामधून कोकरूसुद्धा खांदा न घासता पलीकडे गेलं असतं.

इतक्यात सायकलवरून कालवा निरीक्षक खंदारे आले. खाकी कपडे, खिशाला पेन, आणि पेनापेक्षा ताठ माणूस. मामांना पाहून ते म्हणाले, "रामराम दत्तराव." मामा म्हणाले, "जय भीम, खंदारेसाहेब." दोघं एकमेकांचा नमस्कार एकमेकांना करत होते, आणि ते त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की माझ्याशिवाय कोणाचं लक्षही गेलं नाही.

खंदाऱ्यांनी मला स्पष्ट सांगितलं. "पाहुणे, जाळी लावा. माझी हरकत नाही. पण टेलपर्यंत पाणी पोचवणं ही माझी जिम्मेदारी आहे. पाणी अडलं तर जाळी काढून फेकीन. मासे माझ्या हद्दीत येत नाहीत."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी तळ्याकडे पाहिलं. तळं काही बोललं नाही. शेवटी कोणीही म्हणालं असतं ते मी म्हणालो: "बारीक जाळी लावायला हवी."

"बारीक म्हंजी केवढी?" लिंबाजीनं विचारलं.

"यातून हे जाणार नाहीत एवढी," घागरीकडे बोट दाखवून मी म्हणालो. गर्दीत पसंतीची कुजबुज झाली. मग मामांनी घसा खाकरला आणि जमिनीकडे पाहत म्हणाले, "एक मच्छरदानी हाय. पन ती दिलेली हाय."

वाण परत मागता येत नाही. मामा मागत नव्हतेही, नुसते जमिनीकडे पाहत होते. मी मोठ्या मनानं मच्छरदाणी दिली. मामींनी त्यानंतर दोन वेळा मामांना भाकरी वाढली ती तव्यावरून थेट, तुपाचा थेंब न लावता.

म्हशीचं लग्न

रविवारी खंदाऱ्यांनी तपासणीसाठी गेट थोडं वर उचललं. भोयांनी मच्छरदाणी गजांना घट्ट बांधली होती. एकही बोटुकली जात नव्हती. लिंबाजीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याचा हात फार जड असल्यामुळे मी एका बाजूला झुकून हसत होतो.

थोड्या वेळात एक थेंबही जाईना. तळ्यातलं शेवाळ, पानं, काटक्या सगळं ओढीनं येऊन मच्छरदाणीला चिकटलं. पांढऱ्या जाळीची हिरवी सतरंजी झाली. कालव्यातलं पाणी घोट्यावरून तळव्यावर आलं. खाली उभे असलेले शेतकरी ओरडू लागले. खंदाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गेट आणखी वर घेतलं. त्याबरोबर मच्छरदाणीनं पोट फुगवलं, एक मोठा आवाज केला, आणि गजांमधून निसटून ती कालव्यात गेली. तिच्यामागून घाईघाईनं काही बोटुकल्याही गेल्या.

खाली वळणावर मुंजाजी नावाच्या शेतकऱ्याची म्हैस कालव्यात बसली होती. मच्छरदाणी वाहत आली आणि तिच्या शिंगांवर, डोळ्यांवर, पाठीवर पसरली. म्हैस उठली. तिला पुढचं दिसेना, म्हणून ती पळाली. पांढरा झगमगीत पदर घेऊन ती वेशीतून गावात शिरली, मारुतीच्या देवळाला वळसा घालून पुढं गेली आणि सरपंचांच्या दारात उभी राहिली. सुमन तेव्हा विहिरीवरून येत होती. तिनं मला नंतर सांगितलं, "मला वाटलं कोणाची नवरी पळून चाललीय. मी वाट दिली."

हे सगळं माझ्यामुळे झालं होतं, पण मला कोणी काही बोललं नाही. जावयाला, त्यातून धोंड्यात आलेल्या जावयाला, वेडंवाकडं बोलायचं नसतं. त्यामुळे लोक माझ्याजवळ येऊन आपल्या बैलांना बोलत होते. "अकलेचा कांदा," मुंजाजी आपल्या ढवळ्याला म्हणाला. ढवळ्यानं माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी लिंबाजी मामांच्या अंगणात येऊन बसला. "जाऊ द्या पाव्हणं," तो म्हणाला. "तुमी लय केलं. पान्याला कोन अडवतंय. उद्या मी पोरांना सेलूला जायला सांगतो." एवढा मोठा माणूस, पण बोलताना तो अंगणातली माती बोटानं उकरत होता. मला फार वाईट वाटलं. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं खरंच मनात आलं.

बाजा

मामा लिंबाच्या झाडाखाली बाजेवर बसले होते. बाज म्हणजे सुंभानं विणलेली खाट. ते उठले, बाज उभी केली आणि तिच्या विणीतून लिंबाजीकडे पाहिलं. "ह्याला तुराट्या बांधल्या तर?" ते म्हणाले. तुराट्या म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या. त्यांचे कूड घालून तिकडे घरं उभी राहतात. काडीला काडी लावून बाजेवर बांधली की मधे फट राहते ती करंगळीहून बारीक.

"बाज फुगत न्हाई," लिंबाजी म्हणाला. मच्छरदाणीचा विषय कोणी काढला नाही.

गेटाच्या तोंडाला दोन बाजा पुरल्या असत्या. पण त्या भागात एक रीत आहे, ती इथं सांगायला हवी. कोणाच्या घरी लग्न निघालं की पाहुण्यांसाठी गावातून बाजा गोळा करतात. प्रत्येक घर आपली बाज देतं, आणि दिलेली बाज वापरली नाही, तशीच परत पाठवली, तर ते घर रुसतं. आमची बाज काय पाहुण्याला टोचली असती का, असं पुढची कितीतरी वर्षं ऐकवतं.

मामांनी बाज दिल्याचं कळलं तशी लिंबाजीच्या भावानं दिली. माळकऱ्यानं दिली आणि भोयांनी दिली, मग सरपंच कसे मागं राहणार? त्यांनी कातीव पायांची शिसवी बाज पाठवली, तीही मधोमध लावायची या अटीवर. सरपंचांनी दिली म्हटल्यावर त्यांच्या विरोधी गटानं दोन दिल्या. मुंजाजीनंही आणली. मी म्हणालो, "अहो, दोनच पुरे आहेत." त्यावर मुंजाजी गोड आवाजात म्हणाला, "आमच्या म्हशीला तुमची जाळी चालली. आमची बाज तुमाला चालत न्हाई का?"

मी सगळ्या बाजा घेतल्या.

बायकांपर्यंत बातमी जरा वेगळ्या वळणानं गेली. दत्तरावांच्या जावयाला जाळी हवी आहे, महिना धोंड्याचा आहे, मग यात विचार करण्यासारखं काय आहे? घराघरांतून ताटं भरून अनारसे येऊ लागले. ज्यांच्याकडे अनारसे नव्हते त्यांनी चाळणी पाठवली. एका म्हातारीनं बैलाच्या तोंडाला बांधायचं सुताचं मुसकं आणून माझ्या हातात ठेवलं. मी तेही वाण म्हणून घेतलं, आणि ते आजही माझ्याकडे आहे.

सोमवारी दिवस उगवताच भोई मंडळी कमरेएवढ्या पाण्यात उतरली. मीही धोतर खोचलं, पण मला बांधावरच अडवलं. जावयाचे पाय चिखलात गेले तर गावाची इज्जत जाते. माझ्यासाठी शाळेतली खुर्ची आणली, डोक्यावर छत्री धरली आणि मांडीवर अनारशांचं ताट ठेवलं. अशा थाटात मी त्या कामाची देखरेख केली. मी फक्त एकदाच सूचना केली, की सरपंचांची बाज थोडी डावीकडे सरकवावी. ती कोणी ऐकली नाही.

एवढ्या बाजा गेटाच्या तोंडात सरळ ओळीत मावेनात. एक काढावी म्हटलं तर तिचा मालक बांधावर उभा. मग ओळ वाकवली. तोंडाच्या एका कडेला सुरुवात करून ती आत तळ्यात लांब गेली, सरपंचांच्या कातीव पायांशी वळली आणि पुन्हा दुसऱ्या कडेला येऊन मिळाली. घोड्याच्या नालासारखा मोठा बाक तयार झाला. बाजा बांबूंना बांधल्या, पायांशी दगड रचले. आदल्या रात्री जमिनीवर झोपलेलं अख्खं गाव कंबर धरून बांधावर उभं होतं आणि आपापल्या बाजेकडे पाहत होतं.

खंदाऱ्यांनी गेट उघडलं. पाणी निघालं. आम्ही सगळे शेवाळाची वाट पाहत बसलो. शेवाळ आलं, पण सावकाश, इकडे थोडं आणि तिकडे थोडं. भोयांची माणसं खराट्यानं ते वरच्यावर काढत होती. बोटुकल्या बाजांपर्यंत येत, तुराट्यांना तोंड लावत आणि पुन्हा तळ्यात वळत. कालव्यातलं पाणी घोट्यावरून पोटरीवर आलं आणि तिथंच राहिलं.

खंदारे बराच वेळ बांधावर येरझाऱ्या घालत होते. मग माझ्या खुर्चीपाशी आले. "कळलं," ते म्हणाले. "काल सगळं पाणी एवढ्याशा तोंडातून ओढत होतं. आज ते इतक्या लांबीत वाटलं गेलंय. कुठल्याच एका बाजेपाशी ओढ राहिली नाही. दोन बाजा लावल्या असत्या तर फजिती झाली असती."

"जावयाचं डोकं," मागून कोणीतरी म्हणालं.

मी सांगितलं की यात माझं डोकं नाही, हे सगळं मानापमानामुळे झालं. पण लिंबाजीनं नुसता हात वर केला आणि लोकांकडे वळून म्हणाला, "बगा. जाणकार मानूस कसं बोलतंय."

टेल

दुपारी मामा आणि मी पाण्याबरोबर टेलला निघालो. मामांच्या हातात त्यांचा तांब्याचा तांब्या होता. शेतात जाताना ते पिण्याचं पाणी घरूनच नेतात. दुसऱ्याच्या भांड्यातलं आणि उघड्यावरचं पाणी ते पीत नाहीत.

शेताच्या बांधावर डालगी, पाट्या आणि घमेली घेऊन माणसं बसली होती. गेल्या सालचा अनुभव गाठीशी होता. आधी पाण्याच्या तोंडाशी वाळकी पानं आली, मग फेस, मग त्यावर बसलेल्या मुंग्या, आणि मग लालसर गढूळ पाणी सऱ्यांमधून कापसाच्या मुळाशी शिरलं. भेगांमधून बुडबुडे निघत होते. माणसं वाकून पाहत होती. मासे नव्हते.

"मासे कुठं गेले?" एका बाईनं विचारलं. सगळे माझ्याकडे वळले. मी तिथला जावई आहे हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा तिनं कालव्याला चार शब्द सुनावले आणि रिकामं डालगं डोक्यावर घेतलं. बाकीचेही हळूहळू उठून गेले. कापसाचं एकही झाड तुडवलं गेलं नव्हतं. मामांनी हात जोडले. मला वाटलं, आता आपण घरी जाऊन जेवणार.

पण मामा सरीत उभे राहून खाली पाहत होते. तिथं एक बोटुकली होती. कुठल्या तरी फटीतून निसटून एवढ्या लांब आलेली. पाणी जमिनीत मुरत होतं आणि ती एका अंगावर पडून शेपूट आपटत होती.

"मी धरतो," मी पुढं झालो.

"तुमी नका," मामा म्हणाले. "तुमच्या हातात आली तर तिला जगल्यासारखं वाटायचं न्हाई."

गावात मला नीट ओळखणारा एवढा एकच माणूस निघाला. त्यांनी कापसाचं पान घेऊन तिला ढकलून पाहिलं. ती भेगेकडे सरकली. मग त्यांनी तांब्यातलं पाणी ओतून दिलं, टोपी काढून बांधावर ठेवली, आणि ज्या हातानं त्यांनी जन्मात माशाला स्पर्श केला नव्हता तो हात चिखलात घातला. पहिल्यांदा ती निसटली. ते "विठ्ठल" म्हणाले आणि पुन्हा हात घातला. मग तांब्यात कालव्याचं पाणी भरून त्यांनी तिला आत सोडलं.

आम्ही कालव्याच्या काठानं उलट चालू लागलो. ऊन मी म्हणत होतं. मधेच मामा थांबत, वाकत, तांब्यातलं पाणी अर्धं सांडून नवं भरत आणि आत डोकावत. वाटेत ओळखीचे भेटत आणि विचारत, "दत्तराव, तांब्यात काय?" मामा म्हणत, "पानी." त्यात खोटं काहीच नव्हतं. मी झाडाखाली टेकायचं सुचवलं, तर ते म्हणाले, "तिला दम निगंना झालाय. चला." त्यांना स्वतःला तहान लागली होती हे त्यांच्या ओठांवरून दिसत होतं, पण तांब्यात बिऱ्हाड होतं.

तळ्यावर पोचलो तेव्हा लिंबाजीची माणसं पाण्यात उभी राहून खराटे चालवत होती. मामा चपला काढून पायऱ्या उतरले, बाजांच्या आतल्या अंगाला गेले आणि तांब्या पाण्यात कलता केला. बोटुकली क्षणभर तोंडाशीच थांबली. मग गेली.

"तुमची एक आमच्याकडं आल्ती," मामा म्हणाले.

लिंबाजीनं मामांच्या चिखलानं भरलेल्या हाताकडे पाहिलं, माळेकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं. खराटे थांबले. शेवटी तो म्हणाला, "दत्तराव, ही मोठी झाल्यावर आमी वळखावी कशी? हिला तर आता धरता यायचं न्हाई."

"नका वळखू," मामा म्हणाले. "तुमचा धंदा हाय. धरा."

मग ते शेवटच्या पायरीवर वाकले आणि ओंजळीनं त्याच तळ्यातलं पाणी पोटभर प्याले.